बटण दाबलं तर काहीच होत नाही, पण मदरबोर्डवरचा दिवा पेटतोय. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलू का?

माहीम_खाडी (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. घरचा डेस्कटॉप चालू होत नाहीये. २०१९ च्या शेवटी जुळवलेला आहे: रायझन ५ ३४००जी, बी४५० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्डडिस्क, ४५० वॉटचा एसएमपीएस. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. ऑगस्टमध्ये १२ दिवस पूर्ण बंद होता, भिंतीवरचं बटणसुद्धा बंद. आता पॉवर बटण दाबलं की पंखा नाही, आवाज नाही, समोरचा दिवा नाही. कॅबिनेटची बाजू उघडली तर बोर्डाच्या कोपऱ्यात एक लहान दिवा पेटलेला दिसतो. कॅबिनेट खिडकीलगत असतं. मल्टीमीटर घरात आहे, वापरता येतो. दुकानदार फोनवरच म्हणाले, एसएमपीएस गेला. घेण्याआधी काय तपासू?

ग्रँटरोड_पूर्व (रात्री ९.२२)

पाच-सहा वर्षं झाली म्हणजे एसएमपीएसच असणार. लॅमिंग्टन रोडवर जाऊन नवा घ्या, लावा, काम झालं. फक्त खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका, लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. "४५०" छापलेलं असतं आणि १२ व्होल्टवर १४ अँपियर, म्हणजे जेमतेम १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड १२ व्होल्टवरच जगतात.

जांभळी_वायर (रात्री ९.४८)

लेबलचं बरोबर आहे, पण ताई, एसएमपीएस अजून घेऊ नका. दिवा पेटतोय म्हणजे भिंतीपासून बोर्डापर्यंत काहीतरी पोचतंय.

एसएमपीएसच्या आत दोन पुरवठे असतात. एक छोटा, ५ व्होल्टचा. वायर लावली की तो कायम चालू असतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. दुसरा मोठा, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारा. तो बोर्डाने सांगितल्याशिवाय उठत नाही. पॉवर बटण दाबून आपण वीज जोडत नसतो, फक्त बोर्डाला निरोप देतो. मग बोर्ड २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर ग्राउंडला (शून्य व्होल्टला) खेचतो, मोठा पुरवठा सुरू होतो, आणि साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरवर ५ व्होल्ट येतात. म्हणजे एसएमपीएस सांगतो, माझे व्होल्टेज स्थिर झाले. त्यानंतरच बोर्ड प्रोसेसरला रीसेटमधून सोडतो, म्हणजे काम सुरू करू देतो.

हा निरोप कुठे अडला तेवढं शोधायचं. २४ पिनी कनेक्टर बोर्डातच राहू द्या. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर, लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत जाते तिथून हलकेच खाली.

पहिलं, जांभळी वायर. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवी. प्रोब तसाच धरून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. दाबल्यावर ५ वरून ३-४ वर कोसळली तर स्टँडबायचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) वाळलेत आणि एसएमपीएस खरंच गेलाय. दिवा पेटवायला फार थोडा करंट लागतो, त्यामुळे थकलेला स्टँडबायसुद्धा दिवा पेटवतो. पुष्कळ जण इथेच चुकतात.

दुसरं, हिरवी वायर. बटण न दाबता साधारण ३ ते ५ व्होल्ट. दाबल्यावर ०.८ च्या खाली जायला हवी. खाली गेली आणि तरी पंखा हलला नाही, तर एसएमपीएस निरोप ऐकत नाही. खाली गेलीच नाही, तर त्याला कुणी हाकच मारलेली नाही.

वायरी सगळ्या काळ्या असतील तर मोजून घ्या. कनेक्टरची क्लिप ज्या रांगेकडे आहे ती १३ ते २४. १३ वी ३.३ व्होल्टची, १४ वी उणे १२ ची, १५ वी ग्राउंड, १६ वी म्हणजे आपली हिरवी. जांभळी समोरच्या रांगेत ९ वी.

माहीम_खाडी (रात्री ९.५६)

रंगीत आहेत. उद्या संध्याकाळी करते. एसएमपीएस उघडून फुगलेले कपॅसिटर दिसतात का बघू?

जांभळी_वायर (रात्री १०.०२)

नाही. डबा उघडायचा नाही. आत २३० व्होल्टचे डीसी होऊन ३२५ च्या आसपास साठलेले असतात, अॅक्टिव्ह पीएफसी (घेतलेला करंट लाटेशी जुळवणारं सर्किट) असेल तर ३८० ते ४००. वायर काढल्यावरही ते बराच वेळ राहू शकतात. बाहेरच्या रीडिंगवरून सगळं कळतं.

परळ_टीटी (रात्री १०.१५)

मीटर लावण्याआधी दोन मिनिटांची कामं. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही वगळून वायर सरळ भिंतीत लावा. एसएमपीएसच्या मागचा रॉकर स्विच "।" कडे दाबलेला आहे ना ते बघा. काही जुन्या एसएमपीएसवर लाल सरकता स्विचही असतो, त्यावर २३० च दिसायला हवं. तो ११५ वर सरकवून आपल्या सॉकेटमध्ये लावला की मोठा आवाज होतो आणि फ्यूज, कपॅसिटर दोन्ही जातात.

यूपीएस वगळायचं कारण: स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी ठोकळ्यांसारखी लाट देतात. अॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसना ती चालत नाही आणि दोष मशीनवर येतो.

विक्रोळी_कन्नमवार (रात्री १०.४०)

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच. एसएमपीएसच का?

परळ_टीटी (रात्री १०.५५)

तुमचा आजार वेगळा आहे. "चालू होत नाही" या एका वाक्यात तीन तक्रारी दडलेल्या असतात: काहीच हलत नाही, हलून लगेच थांबतं, आणि चालतं पण चित्र नाही. तुमची तिसरी, आणि मुंबईत तिचं पहिलं कारण रॅम. खाऱ्या दमट हवेत सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसतो.

वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जाईल. वायर लावलेली असताना रॅम कधीच काढायची नाही, स्टँडबाय बोर्डात चालू असतो. दोन्ही रॅम काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने एकाच दिशेने पुसा, चुरा ब्रशने झाडा, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा हात फिरवा. थिनर नको. मग एकच रॅम, चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत, टक् आवाज येईपर्यंत बसवा.

आणि मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असेल (उदा. १२४००एफ) किंवा तो साधा रायझन ५ ५६०० असेल, तर त्यात ग्राफिक्स नाही आणि बोर्डावरच्या एचडीएमआयमधून कधीच चित्र येणार नाही. डीडीआर५ चं नवं एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) मशीन असेल तर पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. काही मिनिटं पडदा काळा राहतो, घाबरून बंद करू नका.

विक्रोळी_कन्नमवार (रात्री ११.३१)

एक रॅम काढल्यावर चित्र आलं. दोन्ही खोडरबरने पुसल्यावर दोन्ही चालतायत. धन्यवाद, ताईंचा धागा मोकळा करतो.

माहीम_खाडी (मंगळवार, रात्री ८.०५)

सरळ भिंतीत लावूनही तेच. रीडिंग:
जांभळी ५.०७. बटण दाबल्यावरही ५.०७.
हिरवी ४.६. बटण दाबल्यावरही ४.६, पाच वेळा दाबून पाहिलं.

जांभळी_वायर (रात्री ८.२०)

मग एसएमपीएसवर आळ घ्यायला आधार नाही. त्याला उठ म्हणून कुणी सांगितलंच नाही. आता दोनच जागा उरल्या, बटण किंवा बोर्ड.

कॅबिनेटच्या समोरून येणाऱ्या बारीक वायरींचा गठ्ठा बोर्डाच्या खालच्या कडेला ज्या पिनांवर बसतो तिथे जा. बहुतेक बोर्डांवर पाच-पाचच्या दोन रांगा असतात आणि एका रांगेतली शेवटची पिन गाळलेली असते. त्याच रांगेत, गाळलेल्या जागेला लागून असलेल्या दोन पिना पॉवर स्विचच्या, क्रमांक ६ आणि ८. तरी बोर्डावरची छपाई किंवा पुस्तिका बघून खात्री करा, सगळ्या कंपन्या एकच मांडणी ठेवत नाहीत. तो छोटा प्लग काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक सेकंदभर टेकवा. एवढंच, धरून ठेवायचं नाही. चार सेकंद धरलं तर बोर्ड त्याला "जबरदस्तीने बंद कर" समजतो.

कुर्ला_सोल्डर (रात्री ८.२७)

निघालेल्या प्लगच्या दोन टोकांना मीटर कंटिन्युइटीवर लावून बटण दाबा. चांगलं बटण बीप देतं आणि १ ओहमच्या आत दाखवतं.

माहीम_खाडी (रात्री ९.१४)

बटण: दाबल्यावर बीप नाही. खूप जोरात दाबलं तर ३०० ते ९०० ओहम, आकडा नाचतो.
स्क्रू ड्रायव्हर टेकवला: प्रोसेसरचा पंखा फिरला! पण एका सेकंदात सगळं थांबलं. परत टेकवलं, परत तेच. म्हणजे बटण आणि बोर्ड दोन्ही गेले का?

ग्रँटरोड_पूर्व (रात्री ९.२०)

एक सेकंदात बंद म्हणजे एसएमपीएस लोड घेत नाही. मी म्हणालो होतो.

कुर्ला_सोल्डर (रात्री ९.४१)

तसं असू शकतं, पण तेच एकमेव कारण नाही. एक सेकंदात बंद होणं बहुतेक वेळा संरक्षण असतं: कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस किंवा बोर्ड हात आखडता घेतोय. अशा वेळी नवा एसएमपीएस लावला तरी तोही तसाच बंद होईल, आणि दुकान उघडलेला माल परत घेईलच असं नाही.

आधी एसएमपीएस एकटा तपासून बाजूला ठेवा. वायर भिंतीतून काढा, २४ पिनी आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनी दोन्ही कनेक्टर बोर्डातून काढा, जुनी हार्डडिस्क मात्र लावलेली असू द्या, थोडा लोड हवा. हिरवी आणि शेजारची काळी यांत जेमक्लिप वाकवून घाला, मग भिंतीचं बटण लावा. पंखा फिरत राहिला पाहिजे. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७, करडी ५ च्या आसपास.

या चाचणीत नापास झालेला एसएमपीएस नक्की खराब. पास झालेला चांगलाच असेल असं नाही, कारण एक हार्डडिस्क म्हणजे लोडच नाही. पण करडी वायर ५ वर ठाम असेल तर संशय पुढे सरकवायला हरकत नाही.

मग बोर्डाची बाजू. सगळं सुटं असताना मीटर ओहमवर. ८ पिनी सॉकेटमध्ये क्लिपच्या बाजूच्या चार पिना १२ व्होल्टच्या, समोरच्या चार ग्राउंड. त्यांच्यात शेकडो ओहम किंवा किलोओहम हवेत. ५ ओहमच्या खाली आलं तर प्रोसेसरच्या पुरवठ्यातला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) शॉर्ट आहे, तिथे चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा सुटा भाग बदलायचं काम लागतं. एक सूचना: प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मोजू नका. तिथे फार कमी ओहम येणं हे निरोगी बोर्डातही नेहमीचं आहे. ते बघून चांगले बोर्ड मोडीत जातात.

जांभळी_वायर (रात्री १०.०३)

सोल्डरभाऊंच्या यादीत मी एक आधी टाकेन. ताई, कॅबिनेट खिडकीलगत आहे म्हणालात. समोरचे यूएसबी पोर्ट खिडकीकडे तोंड करून आहेत का? बटणाच्या संपर्कावर थर बसलाय हे सिद्ध झालं. तीच हवा तिथून दोन इंचांवरच्या यूएसबी पोर्टलाही लागलीय. त्या पोर्टातली ५ व्होल्टची पट्टी वाकून किंवा गंजून बाहेरच्या पत्र्याला टेकली की थेट शॉर्ट, कारण पत्रा ग्राउंड असतो. काही बोर्ड अशा वेळी पडद्यावर ओव्हर करंटची सूचना देऊन १५ सेकंदांनी बंद होतात, काही पहिल्याच सेकंदाला.

समोरच्या पॅनेलच्या सगळ्या केबल बोर्डातून काढा: यूएसबी २, यूएसबी ३, ऑडिओ. यूएसबी ३ चा जाड १९ पिनी प्लग सरळ वर आणि सावकाश ओढा. तिरका ओढला तर पिना वाकतात किंवा अख्खं प्लॅस्टिक उखडून हातात येतं. मग फक्त स्क्रू ड्रायव्हर टेकवून पाहा.

काढलेल्या यूएसबी २ च्या प्लगमध्ये बुजवलेलं भोक ज्या टोकाला आहे त्याच्या विरुद्ध टोकाची जोडी ५ व्होल्टची, आणि बुजवलेल्या भोकाच्या अलीकडची जोडी ग्राउंड. दोन्हींत मोजा.

शिवडी_सेल (रात्री १०.१२)

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलून बघितला का? सीमॉस क्लिअर (बोर्डाची साठवलेली सेटिंग पुसणं)?

जांभळी_वायर (रात्री १०.१८)

सेल ३ व्होल्टचा असतो. २.७ च्या खाली असेल तर बदलाच, पण बहुतेक बोर्ड सेल मेला तरी सुरू होतात, फक्त तारीख आणि सेटिंग जातात. सीमॉस क्लिअरची वेळ रॅमचा वेग वाढवल्यावर किंवा प्रोसेसर बदलल्यावर येते. इथे ते शेवटी करू.

माहीम_खाडी (बुधवार, रात्री ९.३३)

जेमक्लिप चाचणी: पंखा फिरत राहिला. पिवळी १२.११, लाल ५.०४, नारिंगी ३.३३, करडी ४.९८.
८ पिनी सॉकेट: २.४ किलोओहम.
यूएसबी ३ ची केबल: ५ व्होल्ट ते ग्राउंड, मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे उघडं.
यूएसबी २ ची केबल: ०.९ ओहम.

समोरच्या केबल न लावता स्क्रू ड्रायव्हर टेकवला. चालू झाला. विंडोज आलं, ४० मिनिटं झाली, चालू आहे. डावीकडच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारली तर हिरवट पांढरा थर आहे आणि एक पट्टी तिरकी होऊन पत्र्याला चिकटलीय.

कुर्ला_सोल्डर (रात्री ९.४०)

०.९ ओहम! सापडला. बोर्ड स्वतःला वाचवत होता.

तो पोर्ट सरळ करायच्या फंदात पडू नका. गंजलेली पट्टी परत वाकते. समोरची यूएसबी २ ची केबल कायमची सुटी ठेवा आणि प्लगला टेप गुंडाळा, म्हणजे बोर्डावर लोंबणार नाही. मागचे पोर्ट वापरा. समोर हवाच असेल तर त्या कॅबिनेटचं समोरचं पॅनेल बोर्ड मिळतं का ते विचारा.

बटणासाठी तात्पुरता उपाय: रीसेटच्या बटणाचा प्लग पॉवर स्विचच्या पिनांवर लावा. बटण म्हणजे नुसता संपर्क, दिशा नसते. रीसेटचं बटण आधी मीटरवर तपासा, तेही त्याच हवेत होतं. कायमसाठी ६ मिलिमीटरचा चार पायांचा टॅक्ट स्विच लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. बदलताना ध्यानात ठेवा की चारपैकी दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. चुकीची जोडी घेतली तर बटण कायम दाबलेलं राहतं आणि मशीन चालू होऊन चार सेकंदांनी बंद होतं.

ग्रँटरोड_पूर्व (रात्री ९.५२)

माझं निदान चुकलं. ताईंनी मोजलं ते बरं केलं, माझं ऐकून नवा एसएमपीएस आणला असता तरी तो एका सेकंदातच बंद पडला असता.

परळ_टीटी (रात्री १०.०५)

पावसाळ्यापुरतं: कॅबिनेट खिडकीपासून हलवा आणि जमिनीवर न ठेवता निदान चार-सहा इंच वर ठेवा. जून ते सप्टेंबर वापर नसला तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतली उष्णता ओल घालवते. धूळ कोरडी असते तोवर निरुपद्रवी, ओली झाली की वीज वाहते. प्लॅस्टिकच्या कव्हरात घट्ट झाकू नका, ओल आतच राहते. रिकाम्या स्लॉटच्या मागच्या पट्ट्या लावलेल्या असू द्या, पाली आणि झुरळं तिथूनच शिरतात.

माहीम_खाडी (गुरुवार, रात्री ८.४४)

रीसेटचं बटण चांगलं निघालं (०.४ ओहम), त्यावरच चालू करतेय. एक शेवटची शंका. काम करताना कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. हे आधीपासून आहे, आम्ही चपला घालून बसायचो.

जांभळी_वायर (रात्री ८.५८)

हे आधी सांगायला हवं होतं, ताई. ही एसएमपीएसची खराबी नाही, तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीकडे एक-एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ असली की तिथून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसली की कॅबिनेट मधोमध तरंगतं, साधारण ११५ व्होल्टवर. करंट थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरोखर फेज बॉडीला लागला तर त्याला जायला वाट नाही, तुमच्या हाताशिवाय.

वायरमनला बोलवा आणि त्यांच्याकडून सॉकेटवर एसी रेंजमध्ये मोजून घ्या. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल ते अर्थ अगदी ०.० आलं तर सॉकेट उघडायला सांगा. जुन्या इमारतींत कधी कधी अर्थच्या खिळीला न्यूट्रलच जोडून ठेवलेलं असतं. ते झिणझिण्यांपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे, न्यूट्रल तुटलं की कॅबिनेटवर थेट २३० येतात. दुरुस्ती होईपर्यंत मशीनला हात लावण्याआधी भिंतीतून वायर काढायची, नुसतं बटण बंद करायचं नाही.

माहीम_खाडी (रविवार, दुपारी १.२०)

वायरमन येऊन गेले. सॉकेटमध्ये अर्थची हिरवी वायर होती, पण मीटरजवळच्या बोर्डात ती कशालाच जोडलेली नव्हती, नुसती गुंडाळून ठेवलेली. आता इमारतीच्या अर्थपट्टीला जोडली. फेज-न्यूट्रल २३३, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ १.३. कॅबिनेटला झिणझिण्या नाहीत. शेजारच्या दोन घरांतही वायर तशीच गुंडाळलेली निघाली, ती आज जोडून घेतायत.